बोटांचे आकडे

१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

काल फोनवर वाजवून दाखवलं, तू "हं, हं" केलंस आणि मला कळलं की तुला काहीही ऐकू आलेलं नाही. तू म्हणतेस तेच खरं. फोनमधून खालचा स्वर येतच नाही, वरचे तेवढे चिवचिवतात. आणि माझं सगळं रडगाणं त्या खालच्या स्वराचंच आहे. म्हणून कागद घेऊन बसले. दुपारी चष्म्याच्या दुकानात कुणी फिरकत नाही. मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र थंड होईपर्यंत मी माझी मालकीण.

बातमी अशी, की मला एका तिकडीत घेतलंय. एक गाणारी, एक मोठा उभा बेस वाजवणारा, आणि गिटारवर मी. बेसवाल्याला सगळे उंट म्हणतात, कारण ते धूड पाठीवर घेऊन तो तीन जिने चढतो आणि वर आल्यावर कुणाशी बोलत नाही. मार्चच्या शेवटी पहिला कार्यक्रम आहे. हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या आहेत, मी मोजून आले. रिकाम्या होत्या तरी दोनदा मोजल्या.

काल तालमीत ए मायनर नाइन धरली, तू लहानपणी शिकवलीस तशी, जाड तारेपासून. उंट वाजवता वाजवता थांबला. "बाई, खालचा ए माझा आहे. माझ्या ताटात कशाला हात घालतेस?"

मी म्हटलं, "मग मी काय वाजवू?"

"इन्व्हर्जन वाजव. कुणी शिकवलं नाही?"

मी म्हटलं, शिकवेल, माझी मावशी शिकवेल. आता माझी लाज तुझ्या हातात. कॉर्ड उलटवायची म्हणजे स्वर तेच ठेवायचे, फक्त सगळ्यात खाली दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं, इतपत मला समजतं. पण पाच स्वर, चार बोटं आणि सहा आठवडे. रोज सकाळी उठते तेव्हा छातीवर कुणीतरी बसलेलं असतं.

तुझी,
ठमी


२० फेब्रुवारी

प्रिय ठमे,

छातीवर बसलंय त्याला चहा विचार आणि कामाला लाव. भीती वाटली नाही तर मला तुझी काळजी वाटली असती.

आता ऐक. ए मायनर नाइनमध्ये पाच जण राहतात : ए, सी, ई, जी आणि बी. पाचही जणांना एकदम घेऊन जायची गरज नाही, किंबहुना जाऊच नये. मूळ ए उंटाकडे आहे, तो त्यालाच देऊन टाक. ई नसला तरी कुणी विचारत नाही, बसला तर बसू दे. बी म्हणजे तो नववा, तोच तर या कॉर्डचा उसासा, शक्यतो ठेव. पण सी आणि जी कधी सोडायचे नाहीत. सी सांगतो की ही मायनर आहे. जी सांगतो की ती इथे थांबणार नाही, पुढे निघालीय. हे दोघं जागेवर असले की बाकी कोण कोण गेलं याचा ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

मागे तीन आकृत्या काढल्यात. तिन्ही पातळ चार तारांवर. वर्तुळातले आकडे बोटांचे, लक्षात आहे ना? एक म्हणजे तर्जनी, चार म्हणजे करंगळी.

पहिलीत जी खाली. पाचव्या फ्रेटच्या घरात तर्जनी चारही तारांवर आडवी झोपव, आणि सगळ्यात पातळ तारेवर सातव्या फ्रेटला करंगळी ठेव. तिथे बी मिळतो. करंगळी उचललीस की नववा गेला.

दुसरीत सी खाली. दहाव्या फ्रेटला तर्जनी, बाराव्याला बाकीच्या तीन तारांवर अनामिका आडवी.

तिसरीत ई खाली, आणि ही जरा खाष्ट आहे. दोन, चार, एक, तीन. चारही बोटं चार फ्रेटवर, चौथ्या फ्रेटची करंगळी ताणून. दुखेल. दुखलं की हात झटक, पाणी पी, पुन्हा धर. माझी ती लाडकी आहे.

इकडे सगळं तेच. दुपारी चार ते सात हॉटेलच्या बैठकीत मी आणि पियानोवाले. लोक कपबशा वाजवतात, आम्ही त्यांच्या साथीला.

मावशी


२८ मार्च

प्रिय मावशी,

झाला. जिवंत आहे.

पहिल्या गाण्यात माझी करंगळी तारेवरून इतक्यांदा घसरली की पहिल्या रांगेतल्या बाईंनी बोट दाखवून शेजारणीला दाखवलं असेल. तिसऱ्या गाण्यात तर उंटाला यायला एक मात्रा उशीर झाला. खाली त्याचा ए नाही, वर माझे सी, ई, जी, बी, आणि ते चौघं मिळून चक्क आनंदी वाजले! सी मेजर सेव्हन. गाणारी विरहाचं गातेय आणि मी मागे सहलीला निघालेय. मग उंटाचा ए आला आणि तीच बोटं, तेच स्वर, एकदम काळोखी पडली. मावशी, मला त्या एका मात्रेत फार भीती वाटली. आपण कोण आहोत हे खालचा ठरवतो आणि तो आलाच नाही तर?

अशा वेळी मला तुझा हात दिसतो. मी पाच वर्षांची असताना तुझ्या शेजारी बसून बघायचे. तुझी करंगळी कोळ्याच्या पायासारखी लांब जायची आणि अलगद टेकायची. आई म्हणायची, माझ्या धाकट्या बहिणीला देवानं एक बोट जास्तीचं दिलंय.

जूनमध्ये पुन्हा बोलावलंय. अजून आकृत्या पाठव. अवघड पाठव.

ठमी


२५ एप्रिल

प्रिय ठमे,

उशीर झाला. कंटाळा हेच कारण, दुसरं शोधू नकोस.

ती एक मात्रा मला माहीत आहे. ती सगळ्यांच्या वाट्याला येते. तेव्हा हात उचलायचा नाही, एवढंच.

सोबत दोन आकृत्या आहेत. पहिली आकृती, जी स्वर खाली असलेली, तिच्यात नववा आता करंगळीनं नको घेऊस, अनामिकेनं घे. करंगळी फार बडबडी असते. अनामिका कमी बोलते. ई खाली असलेली ती ताणाची सोडून दे. तीनच स्वर ठेव : जी, सी आणि वर ई. तीन तारांवर पाचवा फ्रेट, तर्जनी आडवी. रिकाम्या जागा ऐकायला शीक.

पियानोवाले परवा म्हणाले, "हल्ली तुम्ही कमी वाजवता. मुरलात." दोन गिऱ्हाइकांनीही येऊन तेच सांगितलं. या वयात कौतुक म्हणजे गंमतच.

उजव्या हाताची नखं हल्ली शेजारीण घासून देते. तिला वेळ असतो आणि मला गप्पा मिळतात.

मावशी


३ मे

प्रिय मावशी,

आकृत्या मिळाल्या. बऱ्या आहेत, पण मी अवघड मागितल्या होत्या.

एक सुचतंय. जूनच्या कार्यक्रमाआधी चार दिवस सुट्टी काढते आणि तुझ्याकडे येते. समोरासमोर बसू. मला तुझा हात बघायचाय, कागदावर नाही, तारेवर. आई पण म्हणतेय जाऊन ये. होय म्हण.

ठमी


९ जून

प्रिय ठमे,

आत्ता नको. रंगकाम काढलंय, घरभर वास आहे.

सोबतची एक आकृती पुरेल. पाचव्या फ्रेटवर तर्जनी, मधल्या दोन तारांवर. जी आणि सी. सगळ्यात पातळ दोन तारा उघड्या सोड. उघडी बी आपोआप नववा देते, उघडी ई आपोआप ई देते. चार स्वर, एक बोट. बी आणि सी अगदी अंगाला अंग लावून उभे राहतात, ते ऐक.

मावशी


१३ जून

मावशी,

रागात लिहितेय, त्यामुळे अक्षर बघू नकोस.

हे तू पहिल्या महिन्यातल्या पोरांना शिकवतेस. एक बोट! मी अवघड मागितलं की तू सोपं पाठवतेस, मी अजून अवघड म्हटलं की अजून सोपं. मी कार्यक्रमात घाबरले हे तुला खरं खरं सांगितलं, ते तू मनात धरून बसलीस. हिच्यानं होणार नाही, हिला झेपेल तेवढंच देऊ. असंच ना? स्पष्ट लिही की. आणि रंगकाम! गेल्या वर्षीच रंग दिला होतास, मी स्वतः डबे धरले होते.

उंटाला दाखवलं. तो म्हणाला, "सुंदर आहे. पण उघड्या तारा हाताबरोबर सरकत नाहीत. गाणारीनं अर्धा स्वर वर घेतला की ही इथेच राहील." मला हेही सांगितलं नाहीस.

मी येणार नाही. काळजी करू नकोस.

ठमी


१७ जून

मावशी,

तुझं उत्तर यायच्या आधी लिहितेय. मागचं पत्र फाडून टाक. नको, ठेव. मला आठवण राहू दे मी किती मूर्ख आहे त्याची.

आज दुपारी दुकानात एक काच तपासायला भिंगाचा दिवा लावला होता. काच बाजूला ठेवून तुझी पत्रं काढली. तुझ्यावर अजून थोडं रागवायचं म्हणून. फेब्रुवारीचं, एप्रिलचं, जूनचं, अशी ओळीनं मांडली.

फेब्रुवारीत वर्तुळांमध्ये चारही आकडे आहेत. एप्रिलमध्ये चार कुठेच नाही. जूनमध्ये फक्त एक.

मी दिवा खाली ओढून पुन्हा पाहिलं. एखादं वर्तुळ सुटलं असेल असं वाटलं. नाही सुटलेलं. तू कधी काही सोडत नाहीस.

तू मला सोपं करून देत नव्हतीस. तुला जे धरता येतंय तेवढंच काढत होतीस. हो की नाही?

नखं शेजारीण घासते, कारण उजव्या हाताची नखं डाव्या हातानं घासावी लागतात. मुरलात म्हणतात, कारण तुझी बोटं पडत नाहीत. खोटं असेल तर मला शिव्या दे. मनापासून दे. मी वाट बघतेय.

ठमी


१ जुलै

ठमे,

शिव्या देता आल्या असत्या तर लगेच लिहिलं असतं.

नोव्हेंबरपासून. आधी नुसत्या झिणझिण्या येत, हात अवघडून झोपल्यावर येतात तशा. करंगळीची बाहेरची कड बधिर व्हायची. वाटलं, थंडी आहे. मग एके दिवशी बैठकीत करंगळी तारेवर टेकवली आणि तार कळलीच नाही. बोट तिथे होतं, मला दिसत होतं, पण तारेची धार लागेना. ते कुणा दुसऱ्याचं बोट माझ्या हाताला लावल्यासारखं. मी पुढचा तास हसत वाजवलं, ठमे. त्या तासाएवढी मी आयुष्यात घाबरले नाही.

तुला पहिल्या आकृत्या काढल्या तेव्हा करंगळी बधिर असली तरी कशीबशी पोचत होती, मार्चपासून तेही गेलं. मग मी तेच केलं जे तुला शिकवलं. ई सोडला. नववा कधी अनामिकेवर दिला, कधी उघड्या तारेवर. कॉर्ड उलटवत गेले, जिथे करंगळी लागत नाही अशी जागा शोधत गेले. सी आणि जी राहिले तर कुणाला कळणार नाही, हे मी अनुभवानं सांगितलं होतं, पण तो अनुभव ताजा होता हे सांगितलं नव्हतं. आणि कुणालाही कळलं नाही. टाळ्या वाढल्या. रोज घरी येऊन मी त्या टाळ्यांना घाबरते. कारण आता थांबवायला कुणी उरलेलं नाही.

अनामिकाही मे महिन्यापासून ऐकत नाही. दोन बोटं शाबूत आहेत.

ताईला सांगू नकोस. डॉक्टरचं नाव काढू नकोस. जोवर कुणी काही म्हटलेलं नाही, तोवर ते झालेलं नाही, असं मला रोज सकाळी दोन मिनिटं तरी वाटतं. ती दोन मिनिटं माझी राहू दे.

मावशी


५ जुलै

मावशी,

आईला सांगितलं नाही. दुसरं मात्र ऐकलं नाही.

आमच्या दुकानात एक नसांचे डॉक्टर चष्मा बनवायला येतात. आज त्यांची फ्रेम नाकावर बसवताना विचारलं. म्हटलं, एका ओळखीच्या बाईंना असं असं होतं. ते म्हणाले, "ओळखीच्या? हात दाखवा बघू तुमचा." मी दाखवला. "तुमचा नाही. मग मावशी की आई?"

मावशी म्हटल्यावर त्यांनी माझा हात खाली ठेवला नाही. कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं, जिथे दाराला आपटलं की झिणझिणतं तिथे. म्हणाले, तिथून जाणारी नस करंगळीला आणि अनामिकेला चालवते. वर्षानुवर्षं कोपर वाकवून बसणाऱ्यांची ती दाबली जाते. झिणझिण्या येतात तोवर नस भांडतेय. ती गप्प बसली की घाई करायची. नस मोकळी करता येते, कोपराशी छोटं ऑपरेशन असतं. पण उशीर झाला तर मोकळी झालेली नसही बोटांना उठवू शकत नाही.

त्यांनी एक गोष्ट बघायला सांगितली. अंगठा आणि तर्जनी जवळ आण. त्यांच्या मधलं मागचं मांस दोन्ही हातांचं सारखं आहे का बघ. उजव्यावर उंचवटा असेल. डाव्यावर काय आहे, ते लिही. एवढंच लिही.

मला सकाळपासून जेवण गेलेलं नाही. मी मुद्दाम सांगतेय, तुला वाईट वाटावं म्हणून.

ठमी


२४ जुलै

ठमे,

खड्डा आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पाहिलं. मग पंधरा दिवस लिहिलं नाही. लांब बाह्यांचे कपडे घातले, हात खिशात ठेवला. खरं सांगते, मी ठरवलं होतं की जाणारच नाही. दोन बोटांवर माझं चाललंय. उघडून बघायला गेले आणि तीही गेली तर? पंचवीस वर्षं वाजवून उरलेली ही दोन तरी माझी आहेत, त्यांना कुणी सुरी दाखवू नये.

शनिवारी बैठकीत एक पाहुणी उठून गायला आली. पियानोवाल्यांनी सूर दिला, तिनं मान हलवली, अर्धा स्वर वर मागितला. त्यांनी मला खूण केली. माझ्या साऱ्या कॉर्ड उघड्या तारांवरच्या. अर्धा स्वर वर गेलं की त्यातली एकही उरत नाही. म्हटलं, तारांवर कॅपोचा चिमटा लावू, सगळं एक घर वर सरकेल. सवयीनं चिमटा डाव्या हातात घेतला आणि दाबला.

उघडला नाही.

पुन्हा दाबला. साधी स्प्रिंग आहे, लहान मूल दाबेल. अंगठा नुसता दुमडला आणि चिमटा सटकून पियानोखाली गेला. ती गात राहिली. मी सबंध गाणं गिटार मांडीवर धरून बसले. संपल्यावर पियानोवाले वाकले, चिमटा काढून दिला, आणि माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, "तार तुटली." ते म्हणाले, "सहाही दिसताहेत."

तुझे ते डॉक्टर माझ्या गावी येत नाहीत, पण त्यांनी तुला कुणाचं तरी नाव दिलं असेलच, तुझ्यावरून ओळखते. पाठव. मी जाईन म्हणते आहे. "म्हणते आहे" असंच लिहितेय, "जाईन" लिहिवत नाही.

ताईला आता सांग. तिचा आरडाओरडा माझ्या आधी तू ऐक.

मावशी


१० सप्टेंबर

ठमे,

ऑपरेशनच्या वेळी तू आणि ताई होतात म्हणून त्या चार दिवसांचं काही लिहीत नाही. ताईनं नर्सला दिलेल्या सूचना अजून त्या मजल्यावर सांगतात म्हणे.

आज डॉक्टरांनी शेवटचे टाके पाहिले. कोपराशी लाल रेघ आहे, बोटभर. म्हणाले, नस चांगलीच चेपलेली होती, आम्ही मोकळी केली, पुढचं ती ठरवेल. महिने लागतील, कदाचित वर्ष. पूर्ण येईल असं म्हणणार नाही. येणारच नाही असंही म्हणणार नाही. मी विचारलं, दोन्हीपैकी एक तरी म्हणा. ते म्हणाले, "घरी जाऊन वाजवा. जड नको. रोज दहा मिनिटं."

परवा एक झालं, कुणाला सांगितलं नाही. कप धुताना नळाचं गरम पाणी डाव्या हातावर पडलं आणि करंगळीला चटका बसला. मी ओरडले. मग तिथेच, नळ तसाच सोडून, उभी राहिले. दहा महिन्यांत त्या बोटाला पहिल्यांदा काही झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला ना, पण त्याच्या पाठोपाठ जे आलं ते नोव्हेंबरपेक्षाही मोठं होतं. तेव्हा माझ्याकडे जाण्यासारखं होतं आणि ते जात होतं. आता काही येण्यासारखं आहे. आलंच नाही तर मी काय करू, ठमे?

गिटार कोपऱ्यात आहे. काल खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. दहा मिनिटं झाली, उठले. आज पुन्हा तसंच. हात लावला नाही. एकटीनं पहिला स्वर ऐकायची माझी तयारी नाही. वाजला तरी नाही, न वाजला तरी नाही.

रंगकाम काढलेलं नाही. ये.

मावशी


१३ सप्टेंबर

मावशी,

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते, दुपारी तुझ्या दारात. दुकानात सांगितलंय, उंटालाही. तो म्हणाला, "जा. माझा ए मी सांभाळतो."

तोवर खुर्ची भिंतीकडे वळवून ठेव. दहा मिनिटं दुसरं काही कर, झोपलीस तरी चालेल. मला धीर देता येत नाही, तुला माहीत आहे. चटक्याचं वाचलं तेव्हापासून माझेच हात गार पडलेत, कालपासून दोन काचा फुकट घालवल्या. त्यामुळे मी येऊन सगळं ठीक होईल वगैरे म्हणणार नाही. तू हात तारेवर ठेवशील, मी शेजारी बसेन. नाही वाजलं तर आपण दोघी ऐकू की नाही वाजलं. वाजलं तर तेही.

घाबरणं मात्र सगळं एकटीनं संपवू नकोस. थोडं माझ्यासाठी ठेव. मी आले की दोघी मिळून घाबरू.

ठमी